मेंटॉर फक्त सही घेतात. मग कॉलेजात मदत मागायची कुणाकडे?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तू बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. तालुक्याच्या गावाहून शहरात आलास, खोली करून राहतोस, घरात कॉलेजपर्यंत पोचलेला तूच पहिला. पहिल्या सेमचं मॅथ्स राहिलंय, आणि मागच्या आठवड्यात दुसऱ्या सेमचा निकाल लागला त्यात फिजिकल केमिस्ट्रीही राहिली. मेंटॉर मॅडमकडे, म्हणजे तुमच्या गटाला नेमून दिलेल्या प्राध्यापिकेकडे, दोनदा गेलास. दोन्ही वेळा ‘लेक्चरला नियमित बस, अभ्यास वाढव’ एवढं ऐकून, फॉर्मवर सही करून परत आलास. स्कॉलरशिप लटकलीय. काउन्सेलरच्या खोलीवर पाटी आहे, पण तिथं गेलं की मित्र चिडवतात. सीनियर म्हणतात, हे सगळं नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेसाठी, कागदोपत्री असतं, त्यापेक्षा क्लास लाव. आणि तू विचारतोयस की ह्या सगळ्याचा खरंच काही उपयोग असतो का.

मी सीनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. दरवर्षी मेंटॉर म्हणून एक गट माझ्याकडे असतो आणि काही वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी म्हणूनही काम केलंय. म्हणजे ज्या टेबलासमोरून तू हात हलवत परत आलास, त्या टेबलाच्या मागे मी बसतो. तिथून जे दिसतं ते सांगतो.

सीनियर म्हणतात त्यात तथ्य आहे. मेंटॉर-मेंटीचे फॉर्म नॅकच्या फायलीत जातात, आणि किती मुलांमागे एक मेंटॉर हे नॅकला कळवावं लागतं, हे खोटं नाही. पण तुझी अडचण तिथं नाही. तुझ्या लिहिण्यात चार वेगवेगळे प्रश्न आहेत: राहिलेले विषय, पुढच्या वर्षाचा प्रवेश, पैसे, आणि ‘पेपर हातात आला की डोकं बंद पडतं’ असं तू मध्येच एका ओळीत लिहून टाकलंयस ते. हे चारही तू एकत्र बांधून एकाच बाईंपुढे ठेवलेस. त्यातल्या तिनांचं उत्तर त्यांच्याकडे असण्याची शक्यताच नव्हती, आणि चौथ्याचं होतं ते तू विचारलं नाहीस.

परदेशातल्या विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायझर नावाचा माणूस असतो. कोणते विषय घ्यायचे, कुठला कोर्स कधी करायचा, मागे पडलास तर कुठे जायचं, हे सांगण्याचाच त्याला पगार मिळतो. आपल्या संलग्न कॉलेजांत तसं पद नसतं. मेंटॉर म्हणजे तुमच्याच कॉलेजातला एखादा प्राध्यापक, ज्याच्याकडे लेक्चर, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी, अ‍ॅडमिशन कमिटी हे सगळं आहेच, वर तुम्ही. इंजिनिअरिंगला पुण्याकडे त्याला जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) म्हणतात, काम तेच. तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) नव्या मुलांच्या इंडक्शनच्या आराखड्यात साधारण वीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय. साध्या बीएस्सी-बीकॉमला हा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे परदेशात जे काम एक माणूस करतो ते आपल्याकडे पाच-सहा टेबलांवर वाटलेलं आहे आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. जोडणी विद्यार्थ्याने स्वतः करायची असते, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. ज्याच्या घरी आधी कुणी कॉलेज केलंय त्याला मोठी बहीण सांगते, ‘त्या खिडकीवर जाऊ नकोस, आत जाऊन अमुक बाईंना विचार.’ तुला सांगणारं कुणी नाही, एवढाच फरक.

आधी एक अट स्पष्ट करतो. पुढचं बरंचसं तुझं कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, आणि तुझा पॅटर्न (अभ्यासक्रम आणि परीक्षेची रचना) कोणता, ह्यावर अवलंबून आहे. स्वायत्त असेल तर परीक्षेचं सगळं कॉलेजातच मिटतं. संलग्न असेल तर विद्यापीठाचं परिपत्रक हा शेवटचा शब्द. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या सीनियरचा अनुभव तुला जसाच्या तसा लागू होईल असं समजू नकोस. त्यांचा पॅटर्नच वेगळा असू शकतो.

पुढच्या वर्षाचा प्रवेश: इथे कुणाचं तोंडी ऐकायचं नाही

हे सगळ्यात आधी, कारण ह्यात वर्ष जाऊ शकतं. बऱ्याच विद्यापीठांत एटीकेटीवर, म्हणजे काही विषय राहिलेले असतानाही, दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण तिसऱ्या वर्षात पाय ठेवायचा तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात. तुझे दोन्ही विषय पहिल्या वर्षाचे आहेत. म्हणजे आत्ता दोनच विषय राहिलेत असं वाटत असलं तरी ते सोडवायला तुझ्याकडे ह्या वर्षातल्याच परीक्षा आहेत. ह्या एका नियमावर दरवर्षी मुलं अडकतात आणि जूनमध्ये रडत येतात, तेव्हा प्राचार्यांच्याही हातात काही नसतं.

हा प्रश्न मेंटॉरला विचारू नकोस, मलाही विचारू नकोस. शिक्षकांना नियम साधारण माहीत असतो, आणि तो बहुतेकदा दोन पॅटर्नपूर्वीचा असतो. एक्झाम सेक्शनमध्ये जा. ‘मला तिसऱ्या वर्षाला बसता येईल का’ असं मोघम विचारलंस तर ‘बघू, निकाल लागू दे’ असंच उत्तर येईल. असं विचार: ‘माझा पॅटर्न अमुक, पहिल्या वर्षाचे हे दोन पेपर राहिलेत, एटीकेटीचा नियम कुठल्या परिपत्रकात आहे, मला फोटो काढू द्याल का?’ कागद मागितला की समोरचा माणूसही कागद बघूनच बोलतो. सोबत मार्कशीटची प्रत ठेव. बॅकलॉगचा फॉर्म कधी सुटतो आणि लेट फी कधीपासून लागते, तेही त्याच खेपेला विचारून घे. नोटीस बोर्डवर लागेल तेव्हा बघू, असं नको.

आणि क्लार्कशी नीट वाग. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, फायद्याचं आहे म्हणून सांगतो. कॉलेज कसं चालतं हे प्राचार्यांपेक्षा ऑफिसातल्या जुन्या माणसांना जास्त माहीत असतं. सकाळी अकराच्या गर्दीत खिडकीत डोकं घालणाऱ्या मुलाला मिळणारं उत्तर आणि दुपारी तीननंतर शांतपणे विचारणाऱ्याला मिळणारं उत्तर, ह्यात फार फरक असतो.

फिजिकल केमिस्ट्री: ‘अभ्यास वाढव’ ह्याने का भागत नाही

मॅडमनी दिलेला सल्ला चुकीचा नाही, पण निरुपयोगी आहे. मात्र त्यांच्याकडे दुसरं सांगण्यासारखं होतं तरी काय? ‘विषय राहिला’ एवढीच माहिती तू दिलीस. एवढ्या माहितीवर मीही तेच सांगितलं असतं.

निकाल नुकताच लागलाय, म्हणजे उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करायची मुदत बहुधा अजून चालू असेल. ती फार थोडे दिवस असते, आजच बघ. मुलं फोटोकॉपी फक्त रीव्हॅल्युएशनसाठी मागवतात, दोन-चार मार्क वाढतील ह्या आशेने. माझ्या मते तिचा खरा उपयोग वेगळा आहे. परीक्षेच्या तीन तासांत तू नक्की काय केलंस, ह्याचा तो एकमेव पुरावा असतो. मार्कशीटवर नुसता आकडा असतो.

एका विद्यार्थिनीची फोटोकॉपी आम्ही दोघांनी माझ्या केबिनमध्ये बसून पाहिली होती. पेपर फिजिकलचाच. पासिंगला सहा मार्क कमी. तिचं म्हणणं, ‘सर, सगळं लिहिलं होतं, तपासणाऱ्याने दिले नाहीत.’ पहिल्या मोठ्या प्रश्नात सेकंड ऑर्डर रिअ‍ॅक्शनचं रेट इक्वेशन काढायचं होतं. तिने दीड पान सुंदर अक्षरात लिहिलेलं, एकही खाडाखोड नाही, आणि शून्य मार्क. पहिल्याच ओळीत कंसावर वर्ग हवा होता, तो नव्हता. तिथून पुढे लॉगपर्यंत सगळं बिनचूक उतरलेलं, पण फर्स्ट ऑर्डरचं. पुढे अ‍ॅरेनियसवरचं गणित. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, तापमान मात्र २७ अंश सेल्सिअस तसंच ठेवलेलं. केल्व्हिनमध्ये ३०० करायला हवं होतं, त्यामुळे उत्तर भलतंच आलं. आणि शेवटचा प्रश्न कोराच होता. का? तर अ‍ॅडसॉर्प्शनच्या चार मार्कांच्या टिपणावर तिने अडीच पानं खर्च केली होती.

आता ह्या मुलीला ‘अभ्यास वाढव’ म्हणणं म्हणजे आणखी पाठांतर कर म्हणणं, आणि तिचा घात पाठांतरानेच केला होता. तिला तीन गोष्टी सांगितल्या. डेरिव्हेशन पाठ करायचं नाही. पहिली ओळ स्वतः मांडायची आणि ती अशी का, ते तोंडाने मराठीत सांगायचं. गणित सोडवताना आधी सगळी एककं बाजूला लिहायची आणि मगच सूत्रात आकडे टाकायचे. आणि चार मार्कांना एक पान, त्याच्या पुढे पेन थांबवायचं. ह्यातलं काहीही मला तिची फोटोकॉपी न बघता सुचलं नसतं. पुढच्या वेळी तिचा विषय सुटला. मार्क फार भारी नव्हते, पण सुटला.

तेव्हा तुझी फोटोकॉपी आली की ती घेऊन विषयाच्या शिक्षकांकडे जा. मेंटॉर मॅडम फिजिकलच्या असतील तर उत्तम, नसतील तर त्यांना फक्त एवढं विचार की विभागात कुणाला दाखवू. जाण्याआधी स्वतः एकदा पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक प्रश्नापुढे लिही: किती मिळायला हवे होते, किती मिळाले, आणि तुझ्या मते का गेले. हे ‘का’ चुकलं तरी चालेल. शिक्षकाला तो कागद दिसला की संभाषणाचा रंगच बदलतो. आम्हालाही सारखं ‘सर, काही कळत नाही’ ऐकून कंटाळा येतो रे, खरं सांगतो. ‘सर, इथपर्यंत कळतंय, इथून पुढे गाडी थांबते’ म्हणणारा मुलगा आला की हातातली फाईल आपोआप बाजूला जाते.

मॅथ्सची फोटोकॉपीची मुदत केव्हाच उलटली असणार. तिथे इंटर्नलचे पेपर माग. विभागात ते बहुतेक वेळा जपून ठेवलेले असतात, आणि शिक्षक दाखवतात. मॅथ्सच्या विभागात शिकवणाऱ्यांतला एक जरी माणूस असा सापडला, की जो बारावीचं डिफरन्सिएशन पुन्हा काढून द्यायला तयार आहे, तर तुझं निम्मं काम झालं. कारण ग्रामीण भागातून आलेल्या माझ्या बहुतेक मुलांचं पहिल्या वर्षाचं मॅथ्स अडतं ते अकरावी-बारावीत राहिलेल्या भोकांमुळे. तुझंही तसं असेलच असं नाही, पण आधी तिथं बघ.

वेळेचं म्हणशील तर दोन लेक्चरच्या मधल्या पाच मिनिटांत दारात गाठू नकोस. प्रॅक्टिकलला रीडिंग घेऊन झाल्यावर, बॅच जर्नल लिहीत बसते तेव्हा, शिक्षक बऱ्यापैकी मोकळे असतात. सेम सुरू झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. शेवटच्या पंधरवड्यात सबमिशन, इंटर्नलचे मार्क भरणं, ओरल ह्यांच्या गदारोळात सज्जन शिक्षकसुद्धा खेकसतो. आणि मराठीत बोल. इंग्रजीत विचारायला हवं ह्या धास्तीने कित्येक मुलं शंकाच विचारत नाहीत. उत्तर इंग्रजीत लिहायचंय, शंका नव्हे. हवं तर एकच लिहिलेलं उत्तर दाखवून विचार, ‘माझ्या इंग्रजीमुळे मार्क जातायत का?’ फिजिकलसारख्या विषयात बहुतेकदा ते त्यामुळे जात नाहीत, आणि हे एकदा शिक्षकाच्या तोंडून ऐकलं की भीतीचा मोठा भाग उतरतो.

रेमेडियल लेक्चर लागतात का, ह्याचीही चौकशी कर. वेळापत्रकात असतात आणि मुलं येत नाहीत. साठच्या वर्गात जाऊन बसलेली मुलं कमीपणा वाटतो म्हणून रेमेडियल टाळतात. पण तिथं तीनच टाळकी असली तर तो फुकटचा खासगी क्लासच झाला. वेळापत्रकात नसेल तर तुमच्यासारखे तीन-चार जण मिळून विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. एकट्याने तोंडी मागितलं तर विसरलं जातं.

पैसे

स्कॉलरशिपचा प्रश्न मेंटॉरचा नव्हेच. महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतःचं लॉगिन उघड आणि अर्ज कुठे थांबलाय ते बघ: कॉलेजच्या टेबलावर, जिल्ह्याच्या कार्यालयात, की त्रुटी काढून तुझ्याकडेच परत आलाय. परत आलेला अर्ज मुलाच्या लॉगिनला तसाच पडलेला असतो आणि मुलगा कॉलेजच्या नावाने बोटं मोडत असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. अर्ज मंजूर दिसत असूनही पैसे नसतील तर तुझं आधार कुठल्या बँक खात्याला जोडलंय ते तपास. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते बऱ्याचदा शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं निघतं.

तू खोली करून राहतोस म्हणून आणखी एक. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत, आणि कॉलेजच्या खिडकीवर त्यांचं नाव निघेलच असं नाही, कारण त्यांचं काम समाज कल्याण, आदिवासी विकास किंवा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडून चालतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. फीच्या बाबतीत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस आणि इथे लिहूही नकोस. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला एका फायलीत घालून जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात एकदा जाऊन ये. तुझी योजना दुसऱ्या विभागाची असली तर तिथे कुठे जायचं ते कळेल.

कमवा आणि शिका योजना तुमच्या कॉलेजात असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेट. लायब्ररीत किंवा ऑफिसात दिवसाचे दोन-तीन तास काम असतं. मुलं ह्याला लाजतात, ते मला कधी कळलेलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, ते श्रम करून शिकणाऱ्या मुलांच्या जोरावर. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतच्या बोधचिन्हावर आहे. आपल्याकडे ह्या वाटेने आलेले प्राचार्यसुद्धा आहेत. शिवाय लायब्ररीत काम केलंस तर जुने पेपर आणि बुक बँकेची पुस्तकं पहिल्यांदा तुझ्या हाताला लागतात.

डोकं बंद पडतं ते

हे तू ओझरतं लिहिलंस, पण मी ते ओझरतं घेणार नाही. पेपर हातात आल्यावर आलेलंही आठवत नाही, आदल्या रात्री झोप नाही, पोटात गोळा, हे वारंवार होत असेल तर तो अभ्यासाचा प्रश्न उरत नाही. त्यासाठीच ती पाटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. तुमच्याकडे बसणारी व्यक्ती खरंच प्रशिक्षित आहे, की मानसशास्त्राचे एखादे प्राध्यापक जादा काम म्हणून बसतात, ते बघ. दुसरं असलं तरी जा, पण पहिल्याच भेटीत सरळ विचार: ‘मी बोलेन ते मेंटॉरना किंवा घरी कळेल का?’ उत्तराने समाधान झालं तरच पुढे बोल.

कॉलेजात नकोच वाटत असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. आणि खोलीवर एकटा असताना जगणंच नको असं कधी वाटलं, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच वेळी हा नंबर लाव आणि जवळच्या एका माणसाला उठव. चिडवणाऱ्या मित्रांचं म्हणशील, तर त्यातलेच एक-दोघं गुपचूप त्या खोलीत जाऊन आलेले असतात. आम्हाला रजिस्टर दिसत नाही, पण व्हरांडा दिसतो.

वाचायला-लिहायला लहानपणापासूनच जास्त वेळ लागतो, अक्षरं उलटसुलट होतात, असं काही असेल तर तेही सांग. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. कित्येक मुलांना हे पदवी संपल्यावर कळतं.

विषय, क्रेडिट आणि तक्रार

मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) बदलू का, असंही विचारलंयस. आत्ता नको. आधी राहिलेले दोन सोडव. मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह ठरवताना मेंटॉरचा सल्ला खरोखर कामाचा असतो, कारण कुठल्या विभागात कोण कसं शिकवतं हे त्यांना आतून माहीत असतं. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. मध्ये बदल केलास तर कमी पडणारे क्रेडिट कुठून भरणार, हा हिशेब कागदावर करून मगच विचारायला जा. स्वयम किंवा एनपीटीईएल ह्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स करायचा असेल तर तो तुमच्या कॉलेजने मान्य केलाय का ते नाव नोंदवण्याआधी विचार. कोर्स पूर्ण करून, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाला ‘हे धरता येणार नाही’ सांगण्याची वेळ येते, ती फार वाईट असते.

तक्रारीचा मार्गही माहीत असू दे, लागू नये. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. पण कुठलाही अर्ज देताना दोन प्रती ने, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. शिक्का नसलेला अर्ज ऑफिसच्या लेखी दिलेलाच नसतो.

क्लास लावू का?

फोटोकॉपी बघितल्याशिवाय नको. तुझे मार्क वेळेमुळे किंवा मांडणीमुळे गेले असतील तर क्लासमध्ये पुन्हा सगळा सिलॅबस ऐकून ते परत येणार नाहीत, आणि पैशांची ओढाताण आहेच. मॅथ्सचा पायाच कच्चा निघाला आणि विभागात कुणी वेळ द्यायला तयार नसेल, तर फक्त त्या विषयापुरता, दोन-तीन महिन्यांचा क्लास लावायला हरकत नाही. फिजिकलला माझ्या मते गरज पडू नये.

राहिल्या मेंटॉर मॅडम. त्यांच्याकडे तिसऱ्यांदा जा. कारण मेंटॉरचा खरा उपयोग सल्ल्यापेक्षा ओळखीचा असतो. आजारपणात हजेरी कमी पडली, इंटर्नल पुन्हा द्यावी लागली, पुढे एमएस्सीला शिफारसपत्र हवं झालं, की विभागाच्या मीटिंगमध्ये ‘हा मुलगा मला माहीत आहे, प्रामाणिक आहे’ एवढं वाक्य बोलणारं कुणीतरी लागतं. ते वाक्य बोलता यावं इतकी तरी त्यांना तुझी माहिती असायला हवी. जाण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण असा निरोप टाक:

‘नमस्कार मॅडम. मी एस.वाय. बीएस्सीचा, आपल्या मेंटॉर गटातला. पहिल्या वर्षाचं मॅथ्स आणि फिजिकल केमिस्ट्री राहिली आहे. एटीकेटीचा नियम एक्झाम सेक्शनमध्ये विचारला आहे, फिजिकलच्या फोटोकॉपीसाठी अर्ज केला आहे. ती कुणाला दाखवावी आणि मॅथ्ससाठी विभागात कुणाला भेटावं, एवढं विचारायचं आहे. दहा मिनिटं पुरतील. बुधवारी प्रॅक्टिकल संपल्यावर येऊ का?’

ह्यात तू काय करून झालंय तेही सांगतोस आणि काय हवंय तेही. मॅडमना फक्त दोन नावं सांगायची आहेत, आणि तेवढं कुठलाही मेंटॉर करतो. उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर पुन्हा एकदा आठवण कर, राग न धरता. तरीही नाहीच आलं तर विभागप्रमुखांना भेटून मेंटॉर बदलून मिळेल का विचार. तसं होतं, आणि त्यात मॅडमचा अपमान वगैरे काही नसतो.

फोटोकॉपी आली की प्रश्नवार मार्क इथे टाक, नाव आणि सीट नंबर झाकून. फिजिकलचा पेपर आहे, मी बघतो.